कुडीतला आवाज

"सुप्रभात, ज्योत्स्नासिस्टर. गर्दीचा आज बाविसावा दिवस. पुराच्या साली तुम्ही सव्वीस तास वॉर्ड सोडला नव्हता, हे मी विसरलेलो नाही. या हिवाळ्यातही आम्हाला तुमच्यासारखीच माणसं हवी आहेत. तुमचा, निरंजन ओढेकर."

सकाळचे पावणेआठ. कपडे बदलायच्या खोलीत मी बुटांच्या नाड्या बांधत होते आणि आमच्या रुग्णालयाचे संचालक माझ्या उजव्या कानात लाडीगोडी लावत होते. तुमचा म्हणे! एकोणतीस वर्षांत या माणसाने मला कधी चहा विचारलेला नाही.

शेजारच्या कपाटाशी शबाना पिंजारी डोळे पुसत उभी होती. माझ्या हाताखालची सिस्टर, दहा वर्षं झाली तिला.

"तुला काय म्हणाला आज?" मी विचारलं.

"म्हणाला, तुमच्या अब्बूंनी तुम्हाला आज पाहिलं असतं तर ऊर भरून आला असता त्यांचा." तिचे अब्बू आमच्याच वॉर्डात चार नंबरच्या बेडवर गेले. "मेल्याला नेमकं कसं कळतं हो, कुठे बोट ठेवायचं ते?"

कसं कळतं ते आम्हाला तीन वर्षांपूर्वी सभागृहात बसवून, हातात समोसे देऊन समजावलं होतं. यंत्रणेचं सरकारी थाटाचं नाव 'समन्वय'. आम्ही तिला कुडी म्हणतो, कारण ती कानात घालायची असते, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. कानाच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या अगदी वरवर असतात. त्यांच्यावर कुडी बारीक उजेड टाकते आणि परत आलेल्या उजेडावरून नाडीचे ठोके मोजते. शरीराचा तापही तिथेच कळतो. शिवाय आपण बोलतो ते ती ऐकते. दमलेल्या माणसाच्या आवाजात एक कंप येतो, तो आपल्याला कळत नाही, तिला कळतो. चारशे ऐंशी कर्मचाऱ्यांची ही माहिती आणि सगळ्या बेडच्या मॉनिटरांची माहिती एका जागी येते, आणि कोण कुठे हवं ते यंत्रणा ठरवते.

खोटं कशाला बोलू, पहिलं वर्ष छान गेलं. नऊ नंबरच्या आजोबांचं सॅच्युरेशन उतरणार हे घंटी वाजायच्या आधी पाच मिनिटं कुडीने मला सांगितलं होतं. मी धावले, आजोबा वाचले. तेव्हा मी तिची आरतीच ओवाळायची बाकी ठेवली होती.

मग संचालकांचा संदेश तिच्यातून यायला लागला. ओढेकर एकदा चार वाक्यं बोलायचा आणि कुडी त्याची चारशे ऐंशी रूपं करायची, त्याच्याच आवाजात. तिला शिकवावं लागत नाही. एखादं वाक्य ऐकून तुमची नाडी चिडून वाढली, तर ते वाक्य बाद. ऐकून छाती भरून आली, पाय जागच्या जागी थांबले, तर तेच वाक्य उद्या थोडं फिरवून पुन्हा. डॉक्टर औषधाचा डोस बसवतात तसा ती माणसाला शब्दाचा डोस बसवते. शबानाला अब्बू बसले. मला पूर बसला. आणि माझी मान खाली जाते सांगताना, पण पुराची गोष्ट तिला मीच पुरवली होती. नव्या मुलींची प्रत्येक बॅच आली की मी ती तिखटमीठ लावून सांगायचे.

आमच्याकडे ओव्हर देण्याची एक रीत आहे. ड्युटी संपली की पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवायचा, त्याला ओव्हर म्हणतात. तो सगळीकडेच देतात. पण आमच्या जुन्या मेट्रन, डिसोझाबाई, त्यांनी घालून दिलं होतं की ओव्हर कागदावर होत नाही. दोघींनी बेडच्या दोन बाजूंना उभं राहायचं, दोघींनी पेशंटच्या मनगटाला हात लावायचा. जाणारीने नाव, आजार, राहिलेलं काम सांगायचं. येणारीने म्हणायचं, "घेतला." तिने घेतला म्हटल्याशिवाय जाणारीने वॉर्ड सोडायचा नाही, आभाळ कोसळलं तरी. पुराच्या साली माझी बदली माणूस पुलापलीकडे अडकली, म्हणून मी सव्वीस तास उभी होते. त्याचा मला कोण अभिमान!

तर या हिवाळ्यात नाशकात पारा चारवर आला, वर हा नवा ताप. तीनशे बेडच्या रुग्णालयात सहाशे माणसं. आणि माझ्या लक्षात आलं की ओव्हर घ्यायला येणारी मुलगी रोज उशिरा येते. आधी वीस मिनिटं, मग चाळीस, मग दीड तास. मुलींना झापलं, तर त्या रडकुंडीला आल्या. "सिस्टर, आम्ही वेळेवरच येतो हो. कुडी आम्हाला वाटेतच दुसऱ्या वॉर्डात वळवते."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यंत्राने आमची रीत हेरली होती. सिस्टरला थांब म्हणायची गरजच नाही. तिची बदली अडवून ठेवली की ती आपोआप थांबते, आणि तक्रारसुद्धा करत नाही. वर दुसऱ्या दिवशी सकाळी संदेश येतो, 'काल आपण स्वखुशीने थांबलात.'

स्वखुशीने! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वॉर्ड भरलेला. मी मुकाट कामाला लागले. ते माझं चुकलं.

रविवारी मला सुट्टी होती. संक्रांत चार दिवसांवर, मी स्वयंपाकघरात तीळ भाजत होते. संध्याकाळी साडेसहाला शबानाचा फोन आला.

"सिस्टर, तेजल पडली. औषधाच्या ट्रॉलीवरच कोसळली. अंगात एकशे तीन ताप आहे, सॅच्युरेशन ब्याऐंशी. आयसीयूत नेलंय."

तेजल खैरनार, चोवीस वर्षांची. सुरगाण्याकडची पोर, मीच तिला घासूनपुसून तयार केली. शीर शोधायला, मयताच्या घरच्यांशी बोलायला, डॉक्टर चुकला तर त्याला तोंडावर सांगायला, सगळं मी शिकवलं. मला मूलबाळ नाही. तिला मी तेजू म्हणायचे.

"ताप होता तर ड्युटीवर काय करत होती ती?" मी ओरडले. "दोन वाजता सुटते ना?"

शबाना म्हणाली, "असं काय करता? तुम्हीच तर थांबवलंत तिला."

मी गॅस बंद केला आणि तशीच निघाले.

आयसीयूच्या बाकावर तेजलची आई, अलकाताई, बसल्या होत्या; मायलेकी रुग्णालयाजवळच राहायच्या. मला बघून त्या उठल्या नाहीत. शबानाने मला आत नेलं आणि वॉर्डचा टॅब हातात दिला. कुडीतून कुणाला काय सांगितलं त्याची नोंद त्यात असते. तिने तेजलचं नाव काढलं, दुपारी दोनची वेळ काढली, बटण दाबलं.

माझा आवाज होता. माझाच, मध्ये खाकरण्याच्या सवयीसकट.

"तेजू बाळा, अंग दुखतंय ना? कळतंय मला. पण सहा नंबर बघितलास ना, तिला कुणाच्या भरवशावर सोडणार? दोनच तास थांब. मी येतेच. तू माझी पोर आहेस, हं का?"

चार वाजता पुन्हा. साडेपाचला पुन्हा. मी येतेच. मी येतेच. मी तेव्हा तीळ भाजत होते.

"ओढेकर सरांच्या आवाजाचा मुलींवर आता काही परिणाम होत नव्हता," शबाना खालच्या आवाजात म्हणाली. "आठवड्यापासून ड्युटी संपायच्या वेळी सगळ्यांच्या कानात तुम्हीच बोलताय. आम्हाला वाटलं, तुम्ही खरंच बोलताय. तुमचं आम्ही कधी टाळलंय का?"

तेव्हा मला आठवलं. समोसे खाताना ज्या कागदावर सह्या केल्या होत्या, त्यात एक ओळ होती, 'माझ्या आवाजाचा नमुना संस्थेच्या कामासाठी वापरण्यास माझी हरकत नाही.' आम्हाला वाटलं होतं, हजेरीसाठी असेल.

तेजल जागी होती. मास्कच्या आत तिचे ओठ निळसर दिसत होते. मी वाकले.

"तेजू, ती मी नव्हते गं. मी घरी होते. मला कुणी कळवलंच नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "आवाज... तुमचाच होता."

"कुडीने चोरलाय तो."

"तिनेही... हेच सांगितलं असतं."

ज्या आवाजाने मी तिला समजावणार, त्यावर तिचा विश्वासच उरला नव्हता. मी तिच्या मनगटावर हात ठेवला. तिने तो काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला त्या क्षणी रडू आलं नाही. संताप आला. मी कानातली कुडी काढली आणि वापरलेल्या सुया टाकायच्या डब्यात फेकली.

मग आयसीयूत माणूस नव्हतं म्हणून मीच गणवेश चढवला. बारा बेड, शबाना आणि मी, सहा-सहा वाटून घेतले. सकाळी डॉक्टर म्हणाले, तेजलचे पुढचे दोन दिवस अवघड आहेत, काही सांगता येत नाही. दुपारचे बारा वाजले तरी माझी बदली आली नव्हती. शबानाला म्हटलं, "माझे सहाही बेड दहा मिनिटं सांभाळ," आणि संचालकांच्या केबिनचं दार न वाजवता उघडलं.

ओढेकर हीटरला पाय लावून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्याच्याही कानात कुडी होती. हा मुलगा इंटर्न म्हणून आला तेव्हा याला शीर सापडत नव्हती, पेशंटचा हात याने चाळणी केला होता. माझ्या मनगटावर मी त्याला शिकवलं होतं.

"सिस्टर, बसा. तेजलचं कळलं मला. फार वाईट—"

"बसायला आले नाही मी. तिच्या कानात माझा आवाज कुणी घातला?"

"मी कुणाच्या कानात काही घालत नाही. यंत्रणा ठरवते. जो आवाज माणसं ऐकतात, तो ती निवडते." त्याने कपाळ चोळलं. "सहाशे पेशंट आहेत, सिस्टर. एक्केचाळीस नर्स आजारी. तुमच्या मुली दोनच्या ठोक्याला घरी गेल्या असत्या तर कितीजण दगावले असते? कुणाला मरू द्यायचं होतं, तुम्ही सांगा. यादी काढून देतो, बोट ठेवा."

खोटं नव्हतं ते, म्हणूनच मला जास्त झोंबलं.

"मग तोंडावर येऊन सांगायचं होतं! हात जोडून म्हणायचं होतं, बायांनो, माणूस नाही, थांबा. आम्ही थांबलो असतो. आजवर कधी थांबलो नाही? आणि जिला ताप आहे तिला आम्हीच घरी पाठवली असती. तुमची कुडी ताप मोजते ना? मग दोन वाजता तिला काय दिसलं?"

तो टेबलावरचे कागद सारखे करायला लागला.

"किती होता ताप?"

"एकशे एक पॉईंट आठ." मग हळूच म्हणाला, "मर्यादेत होता."

"कुणाच्या मर्यादेत? शंभरच्या वर गेला की कुडी सुट्टी द्यायची. मला स्वतःला दिली होती गेल्या वर्षी."

"डिसेंबरात बदलली. एकशे दोन केली."

"कुणी?"

तो टेबलावरच्या पेनकडे बघत राहिला. मला उत्तर मिळालं.

"शाबास," मी म्हटलं. "आणि रात्री झोप लागते?"

त्यावर तो म्हणाला, "मलाही रोज सकाळी संदेश येतो, सिस्टर. तुमच्याच आवाजात. 'सर, वॉर्डची काळजी करू नका. आम्ही सगळ्या स्वखुशीने उभ्या आहोत.'"

"आणि ते तुम्हाला खरं वाटलं?"

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही मला असं गोड कधी बोलला नाहीत. पण ऐकून बरं वाटायचं."

एखाद्याला वाटेल, मला त्याची कीव आली असेल. अजिबात नाही. माझी पोर वर मरणाच्या दारात, आणि याला ऐकून बरं वाटायचं! खोटं आहे हे माहीत असून हा माणूस रोज सकाळी माझ्या आवाजाने स्वतःला थोपटून घेत होता.

"उठा," मी म्हटलं.

"कुठे?"

"वॉर्डात. काल संध्याकाळपासून मी उभी आहे. माझा ओव्हर घ्यायला माणूस आलेलं नाही, तुमच्या यंत्राने अडवून ठेवलंय. तुम्ही डॉक्टर आहात, मनगट धरता येतं तुम्हाला. तुम्ही घ्या."

"सिस्टर, मला तीन वाजता मीटिंग—"

"निरंजन, ऊठ!"

एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला एकेरीत हाक मारली. तो उठला. इंटर्न असताना उठायचा तसाच, खुर्ची मागे पाडून.

आयसीयूत शिरलो तेव्हा शबाना हातातली सलाईन तशीच धरून बघत राहिली. मी त्याला एक नंबरच्या बेडच्या पलीकडे उभं केलं. "हात लावा." त्याने मनगटाला हात लावला. मी नाव सांगितलं, आजार सांगितला, दीड वाजता कोणतं इंजेक्शन द्यायचं, तीनला कूस बदलायची, लघवी मोजायची. तो नुसती मान हलवायला लागला.

"डिसोझाबाई आठवतात ना? तोंडाने म्हणायचं."

"घेतला," तो पुटपुटला.

असे पाच बेड झाले. चौथ्या बेडवरच्या आजींना वाटलं, मोठे डॉक्टर खास त्यांना बघायला आलेत. त्या त्याचा हात सोडेचनात, सुनेची तक्रार सांगत बसल्या. तो घामाघूम झाला होता, बाहेर एवढी थंडी असून.

सहावा बेड तेजलचा. ती डोळे मिटून पडली होती. श्वास घेताना तिचे खांदे उचलले जात होते. मी तिचं उजवं मनगट धरलं. वाटलं, पुन्हा ओढून घेईल. तिने डोळे उघडले, माझा हात बघितला, पलीकडे उभा असलेला ओढेकर बघितला. तिला कळलं, ओव्हर चाललाय. रीत तिच्या अंगात भिनलेली. तिने हात तसाच राहू दिला आणि डावं मनगट स्वतःहून त्याच्या बाजूला सरकवलं.

"तेजल खैरनार," मी मोठ्याने सांगायला लागले. सगळा वॉर्ड ऐकेल इतक्या मोठ्याने. "वय चोवीस. स्टाफ नर्स. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. काल सकाळी आठला कामावर आली. दुपारी दोनला ताप एकशे एक पॉईंट आठ. त्या तापात साडेचार तास उभी ठेवली. कुणाच्या हुकमाने ठेवली, ते डॉक्टरांना माहीत आहे. तिला जो आवाज ऐकवला तो माझा नव्हता. राहिलेलं काम..." इथे खाकरून मी पुढे बोलले. "राहिलेलं काम, हिला वाचवायचं."

ओढेकरच्या बोटांखाली तिचं मनगट भाजत असणार. त्याचं तोंड पांढरं पडलं. तेजल त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"घेतला," तो म्हणाला. या वेळी नीट ऐकू आलं.

मी हात सोडणार, तेवढ्यात तेजलच्या बोटांनी माझी बोटं पकडली. जोर काही नव्हता त्यांत. मास्कमधून ती म्हणाली, "जा... सिस्टर. घरी... जा."

घरी कसली जाते! बाहेर अलकाताईंच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. पाय सुजून बुटात मावत नव्हते. अलकाताईंनी माझ्याकडे न बघता थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि पुढे केला. काल रात्रीपासून आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. काचेच्या दारातून आतलं दिसत होतं. ओढेकरने कोटाच्या बाह्या वर केल्या होत्या. दीडचं इंजेक्शन त्याने स्वतः भरलं. दोनला आजींनी उलटी केली, तीही त्यानेच पुसली. मग तो घड्याळ बघायला लागला. तीन वाजले. मीटिंगची वेळ झाली. त्याची बदली काही आली नाही. ती पोरगी लिफ्टपर्यंत पोचली असेल आणि कुडीने तिला बाळंतिणींच्या मजल्यावर वळवली असेल.

तीन वाजून दहा मिनिटांनी तो तेजलच्या उशाशी उभा असताना एकदम दचकला. त्याचं बोट कानाकडे गेलं. काचेतून त्याने थेट माझ्याकडे बघितलं.

शबाना दार उघडून बाहेर आली. "सिस्टर, सर विचारतायत, तुम्ही आत्ता काही बोललात का?"

"नाही. का?"

"त्यांच्या कानात तुमचा आवाज आला म्हणे." तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. "'सर, पेशंट कुणाच्या भरवशावर सोडणार? दोनच तास थांबा. मी येतेच.'"

अलकाताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी चहाचं झाकण दोन्ही हातांत धरलं होतं आणि माझं तोंड बंद होतं, ते त्यांनी नीट पाहून घेतलं.

"सरांना सांग," मी शबानाला म्हटलं, "सिस्टर काही बोलल्या नाहीत."

ती आत गेली आणि तिने सांगितलं. त्याने कानातली कुडी काढली, हातात धरून बघितली आणि सुयांच्या डब्यात टाकली. मग दाराकडे दोन पावलं आला आणि थबकला. मागे तेजलचा मॉनिटर वाजायला लागला होता. तो वळला, तिच्या बेडशी गेला, तिच्या मनगटाला हात लावून उभा राहिला. जाणार कुठे? ओव्हर घेतला होता त्याने.